तंजावर पाहा, पण स्वतःच्या डोळ्यांनी!

सहलीला जायचं ठरलं की घरात सगळ्यांत आधी कामाला कोण लागतं, हे का सांगायला हवं? ह्यांनी तिकिटं काढली, मुलांनी नकाशा पाहिला, की बाकीचं सगळं तुमच्याकडे. दशम्या, चिवडा, लोणच्याची बाटली, सासूबाईंच्या गोळ्या, धाकट्याचे जादा कपडे, शेजारच्या वहिनींकडे किल्ली, दूधवाल्याला निरोप. गाडीत बसेपर्यंत निम्मा जीव दमून जातो. आणि तिथं पोचल्यावर? 'सात दिवसांत नऊ ठिकाणं!' सकाळी एक गाव, दुपारी दुसरं, रात्री तिसऱ्या गावातलं हॉटेल. पाण्याची बाटली कुणाकडे? आईकडे. चपला कोण राखणार? आई. सगळे मान वर करून शिखर बघतात, तेव्हा तुम्ही मुलं मोजत असता. घरी आल्यावर कुणी विचारलं, "काय काय पाहिलंत?" तर आठवतं काय? कुठल्या गावी गरम पाणी नव्हतं, आणि कुठं धाकट्याचं पोट बिघडलं!

मैत्रिणींनो, यंदा बेत जरा वेगळा करून पाहा. नऊ गावं नकोत, एकच जुनं गाव घ्या. तिथं चार दिवस मुक्काम करा. आणि त्या चार दिवसांत घरातल्या इतरांइतकंच तुम्हीही पाहा, शांतपणे, आपल्या मनासारखं. कुठलं गाव, म्हणाल तर मी तंजावर सुचवीन. तामिळनाडूत, कावेरीच्या काठच्या भातशेतीत वसलेलं हे गाव आपल्यापासून लांब आहे खरं. पण तिथं जितकी बायकांची नावं, बायकांचे हिशेब आणि बायकांची भांडणं जपून ठेवलेली सापडतात, तितकी थोड्याच गावांत सापडतील. शिवाय तिथल्या भिंतीवर मराठी कोरलेलं आहे!

मराठी राज्य, इतक्या दूर?

शाळेत इतिहासाच्या पुस्तकात तंजावर एखाद्या ओळीत येऊन गेलं असेल. थोडी उजळणी करू या, म्हणजे पाहताना गोंधळ होणार नाही. हजार वर्षांपूर्वी हे चोळ राजांचं राजधानीचं गाव होतं. पुढे नायक राजे आले. १६७५-७६ च्या सुमाराला शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी, म्हणजेच व्यंकोजी राजे भोसले, तंजावरच्या गादीवर बसले आणि त्यानंतर सुमारे १८० वर्षं तिथं भोसल्यांचं घराणं नांदलं. व्यंकोजींचे थोरले चिरंजीव शहाजीराजे यांनी तर मराठीत नाटकं लिहिली. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगवलं १८४३ साली. तंजावरला त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून मराठी नाटकं लिहिली जात होती.

या घराण्यातलं सगळ्यांत मोठं नाव दुसऱ्या सरफोजीराजांचं. १७९८ ते १८३२ हा त्यांचा काळ. राज्यकारभार इंग्रजांनी १७९९ सालीच काढून घेतला होता. किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख तेवढा राजांकडे उरला. हातात सत्ता नाही म्हणून हा माणूस कुढत बसला नाही. ग्रंथ जमवले, शाळा काढल्या, छापखाना घातला. १८०६ साली त्या छापखान्यात इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक 'बालबोध मुक्तावली' छापून निघालं. डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह टिपणं ठेवली गेली, ती आजही तिथं जपलेली आहेत.

इतकं डोक्यात असलं की पुरे. आता गावात शिरू या.

मोठं देऊळ, आणि दगडावरच्या बायका

तंजावरचं बृहदीश्वराचं देऊळ तिथले लोक साधेपणानं 'पेरिय कोविल' म्हणतात, म्हणजे 'मोठं देऊळ'. पहिल्या राजराज चोळानं ते १०१० साली पुरं केलं. शिखराची उंची सुमारे २१६ फूट, आणि सगळं काम कठीण ग्रॅनाइट दगडाचं. आसपास पाहाल तर कावेरीचा गाळ आणि भाताची खाचरं. डोंगर नाही की खाण नाही. सगळा दगड लांबून ओढून आणलेला! 'युनेस्को'नं १९८७ साली त्याला जागतिक वारशाचा मान दिला.

तिथं कुणीतरी तुम्हाला हमखास सांगेल की या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. हसून सोडून द्या. सकाळ-संध्याकाळ अंगणात चांगली लांबलचक सावली पडते. तुम्हीच मुलांना ती दाखवा. खरं सांगण्यासारखं इथं इतकं आहे की खोट्याची गरजच नाही.

सगळे वर शिखराकडे बघत असतील, तेव्हा तुम्ही जरा खाली बघा. देवळाच्या जोत्यावर ओळीच्या ओळी तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. राजराजानं तिथं आज्ञा लिहून ठेवली आहे. तिचा मतलब असा: देवाला आम्ही जे दिलं ते, आमच्या अक्कानं दिलं ते, आमच्या राण्यांनी दिलं ते आणि इतरांनी दिलं ते, सगळं दगडावर कोरावं. अक्का, बरं का! मोठ्या बहिणीला आपण जे म्हणतो तेच तमिळमध्येही म्हणतात. ही अक्का म्हणजे राजाची थोरली बहीण कुंदवै. तिनं देवाला सोनं दिलं, दागिने दिले, आपल्या आईवडिलांच्या धातूच्या मूर्ती करवून दिल्या. दागिन्यांची यादीही कशी? मोती किती, माणकं किती, वजन किती, सगळं टिपलेलं. आपण लग्नाच्या वेळी वहीत दागिन्यांची यादी लिहितो, अगदी तशी. फक्त ही वही दगडाची, हजार वर्षांत न फाटलेली!

याहून मोठी एक यादी प्राकाराच्या भिंतीवर आहे. देवळाच्या सेवेसाठी राज्यातल्या इतर देवळांतून चारशे नर्तकी आणून वसवल्या, त्यांची ती यादी. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली ते, कुठल्या आळीत कितवं घर तिला दिलं ते, सगळं नोंदलेलं. प्रत्येकीला वर्षाचं धान्यही ठरवून दिलेलं होतं. त्यांना विचारून आणलं होतं का, मागं कुणाला सोडून यावं लागलं, हे दगड सांगत नाही, आणि त्यांचं आयुष्य सुखाचंच होतं असं समजायचं कारण नाही. पण चारशे सामान्य बायकांची नावं, घराच्या पत्त्यासकट! आज आपल्या किती जणींच्या दारावरच्या पाटीवर आपलं नाव असतं, सांगा बघू?

आता देवळाच्या नैऋत्य कोपऱ्याकडे चला. तिथं भिंतीवर अक्षरं दिसतील आणि तुम्ही क्षणभर थबकाल, कारण ती तुम्हाला वाचता येतील! देवनागरी लिपी, मराठी भाषा. सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास इथं कोरून घेतला. भाषा जुन्या वळणाची, त्यामुळे भरभर वाचता येत नाही. पण शब्द लावत लावत दोन-चार ओळी जमतात. मुलांना हे काम द्या. "कोण आधी वाचतंय?" म्हटलं की पोरं तिथून हलायची नाहीत, आणि तेवढ्यात तुम्हाला ओवरीत निवांत बसता येईल.

हे देऊळ दोनदा पाहायचं. एकदा पहाटे, दगड गार असतो आणि गर्दी नसते तेव्हा. आणि एकदा संध्याकाळी, ऊन कलतं आणि दगडाला मधासारखा रंग चढतो तेव्हा. संध्याकाळी गावातली कुटुंबंच्या कुटुंबं अंगणात येऊन बसतात. मुलं पळतात, आज्या गप्पा मारतात, केसांत मोगऱ्याचे गजरे माळलेल्या पोरी हसत असतात. तुम्हीही सतरंजीचा तुकडा टाकून बसा. काही 'पाहायला' नको, नुसतं बसा.

राजवाडा आणि पाकशास्त्राचं बाड

दुसरा दिवस राजवाड्याचा. हा वाडा नायकांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी वाढवला. वाडा म्हणून फार झगमगाटाची अपेक्षा धरू नका. काही भाग जुना, पडका आहे. पण मराठ्यांचा दरबार हॉल आहे, उंच मनोरे आहेत, आणि दोन जागा अशा आहेत की ज्यांना सकाळ सबंध द्यावी.

पहिली जागा सरस्वती महाल ग्रंथालय. नायकांच्या काळी सुरू झालेला हा ग्रंथसंग्रह सरफोजीराजांनी जीव लावून वाढवला. ताडपत्रं आणि कागद मिळून हजारो हस्तलिखितं तिथं आहेत: संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठीसुद्धा. मूळ बाडं हाताळायची तर परवानगी लागते, पण निवडक ग्रंथ, चित्रं, नकाशे संग्रहालयात मांडून ठेवलेले असतात.

आणि इथंच आपल्या जिव्हाळ्याचा विषय येतो. तंजावरच्या राजांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचं एक बाड या ग्रंथालयात आहे, 'शरभेंद्र पाकशास्त्र' नावाचं. मराठी भाषेत, मोडी लिपीत! ग्रंथालयानं ते छापूनही काढलं. ग्रंथालयाची छापील पुस्तकं तिथं विकत मिळतात. गेलात तर चौकशी जरूर करा. साड्या काय, कुठंही मिळतात!

स्वयंपाकाला इथं शास्त्राचा मान होता तो असा. एकोजीराजांची राणी दीपाबाई ग्रंथकारांना आश्रय देणारी होती. रघुनाथ गणेश नवहस्त नावाच्या पंडिताला तिचा आधार होता. त्याचा 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ अन्नपदार्थांवर आहे. धान्यं, भाज्या, दूधदुभतं, पक्वान्नं, कशाचा गुण काय, कुणाला काय सोसतं, ते सारं त्यात आलं आहे. आपण दिवसभर जे करतो त्याला 'नुसतं घरकाम' म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

सांबार हा पदार्थ तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात जन्मला, संभाजीराजांच्या नावावरून त्याला नाव पडलं, अशीही एक गोष्ट मोठ्या रंगतीनं सांगितली जाते. गोष्ट म्हणून ऐकावी, मुलांना सांगावी. पुराव्याला मात्र कुणी बोलावू नये. आमटी-सांबाराचं नातं ठरवायला आपली जीभ पुरेशी आहे.

वाड्यातली दुसरी जागा म्हणजे कलादालन, आणि त्यातल्या चोळकालीन धातूच्या मूर्ती. तिथं तिरुवेंकाडू गावी जमिनीत पुरलेल्या सापडलेल्या मूर्ती आहेत, त्या शोधून काढा. एका मूर्तीत शंकर एक हात सहज टेकल्यासारखा करून उभा आहे. टेकलाय कशावर? नंदीवर. पण नंदी तिथं नाहीच, तो हरवला आहे! तरी त्या हाताच्या ठेवणीवरून तुम्हाला नंदी दिसतो. १०११ सालची ही मूर्ती. शेजारची पार्वती त्यानंतर वर्षभरानं घडवलेली. दुसरा संच शिवपार्वतीच्या विवाहाचा. पार्वतीचा हात त्याच्या हातात आहे, मान किंचित खाली. आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये असाच एक फोटो असतो की नाही? इथं घाई करू नका. ह्यांना आणि मुलांना पुढं जाऊ द्या, आणि तुम्ही पाच मिनिटं एकट्या उभ्या राहा.

कोर्टात गेलेली राणी

वाड्यातून बाहेर पडण्यापूर्वी एका राणीची गोष्ट ऐका, कारण ती तिथल्या पाटीवर सहसा नसते. सरफोजींचे चिरंजीव शिवाजीराजे १८५५ साली पुरुष वारस न ठेवता वारले. कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं. इतकंच नाही, तर वाड्यातली खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. दागदागिने, सामानसुमान, सगळ्यावर सील. राजांची विधवा राणी कामाक्षीबाईसाहेब गप्प बसली नाही. तिनं मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तिथं जिंकलीसुद्धा! सरकारनं लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केलं, आणि १८५९ साली निकाल तिच्या विरुद्ध गेला. 'हे राज्यसत्तेचं कृत्य आहे, त्यात कोर्टाला पडता येत नाही,' असा त्याचा आशय. कायद्याच्या अभ्यासात हा खटला अजून शिकवतात. पण ओरड इतकी झाली होती की १८६२ साली सरकारनं मेहेरबानी म्हणून का होईना, खाजगी मालमत्ता राजांच्या विधवांना परत केली.

विचार करा, पडद्यातली राणी, नवरा नुकताच गेलेला, समोर इंग्रज सरकार. तरी ती म्हणाली, माझं ते माझं. आपल्याकडे आजही किती घरांत नवरा गेल्यावर बाईला कागद कुठं ठेवलेत हेसुद्धा ठाऊक नसतं!

या घराण्यातल्या राजस्त्रियांच्या नावानं आणखी एक काम झालं: छत्रं. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र. रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी ती बांधलेली होती. ओरत्तनाडू गावी मुक्तांबाळ नावाच्या स्त्रीच्या स्मरणार्थ सरफोजींनी १८०२ साली छत्र उभारलं. इंग्रजांनी छत्रांच्या उत्पन्नाला हात लावू नये म्हणून राजांनी १८०१ साली पत्र लिहिलं. त्यात छत्रांमधून काय काय चालतं ते सांगितलं आहे: सगळ्या जातींच्या वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना वैद्य, पोरक्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण, आणि वाटेत अडलेल्या गरोदर बाईचं बाळंतपण. दोनशे वर्षांपूर्वी वाटेवर बाळंतपणाची सोय! आज प्रवासात साधं स्वच्छ न्हाणीघर सापडलं नाही की हे छत्र आठवावं.

तिरुवैयारु: जिथं बायकांना गाऊ देत नव्हते

तिसरा दिवस अर्धा ठेवा तिरुवैयारुसाठी. तंजावरपासून हे गाव जेमतेम १३ किलोमीटर. कर्नाटक संगीतातले थोर संतकवी त्यागराज (१७६७–१८४७) इथं राहिले आणि कावेरीच्या काठी इथंच त्यांची समाधी आहे. सरफोजीराजांनी दरबारात बोलावलं असताना ते गेले नाहीत, रामाचं नाव धनापेक्षा मोठं म्हणाले, अशी आख्यायिका सांगतात.

दरवर्षी पौष वद्य पंचमीला, म्हणजे बहुधा जानेवारीत, इथं आराधना होते. शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यागराजांच्या पाच 'पंचरत्न' रचना एका सुरात गातात. त्या वेळी गेलात तर भाग्यच. पण गर्दी फार, मुक्कामाची सोय आधी करायला हवी.

आज त्या मांडवात बायका गातात, वाजवतात, पुढच्या रांगेत बसतात. पण शंभर वर्षांपूर्वी तसं नव्हतं. आराधना चालवणाऱ्या मंडळींचे दोन तट होते आणि दोघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं: बाईनं इथं गायचं नाही! अशा वेळी बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) पुढं आली. देवदासींच्या घराण्यात जन्मलेली ही मोठी गायिका. त्यागराजांची समाधी दुर्लक्षित पडली आहे हे तिला समजलं तेव्हा तिनं स्वतःच्या कमाईतून जागा घेतली, समाधीवर मंदिर बांधलं. १९२५ साली ते पुरं झालं. बांधलं बाईनं, आणि गायला बंदी बाईलाच! नागरत्नम्मानं मग समाधीच्या मागच्या बाजूला बायकांची वेगळी आराधना सुरू केली. वर्षानुवर्षं ती गात राहिली. शेवटी १९४० च्या सुमाराला तिन्ही गट एकत्र आले, आणि तेव्हापासून स्त्रीपुरुष एकत्र गातात. तिनं आपली मिळकतही त्या कामाला देऊन टाकली. त्यागराजांच्या समाधीसमोर आज तिचीही समाधी आहे. हात जोडून बसलेली तिची मूर्ती पाहिल्याशिवाय परतू नका.

आणखी एक धागा आपल्या मराठी तंजावरशी जुळतो. तिथल्या प्रतापसिंह राजांच्या काळात (१७३९–१७६३) मुद्दुपळनी नावाच्या कवयित्रीनं तेलुगूत 'राधिका सांत्वनम्' हे काव्य लिहिलं. पुढं कुणी ते छापलं तेव्हा बाईनं लिहिलेल्या 'नको त्या' ओळी गाळल्या. नागरत्नम्मानं जुनी हस्तलिखितं मिळवून सबंध काव्य १९१० साली प्रसिद्ध केलं. सरकारनं अश्लील म्हणून त्यावर बंदी घातली. ती उठायला स्वातंत्र्याचा काळ उजाडावा लागला. पुरुषांनी तसंच लिहिलं की शृंगार, आणि बाईनं लिहिलं की अश्लील. हा न्याय तुमच्याही ओळखीचा असेल!

चौथा दिवस, आणि थोडी खरेदी

चौथ्या दिवशी कुंभकोणमच्या बाजूला जा. अंतर सुमारे ४० किलोमीटर. वाटेत स्वामीमलै लागतं. तिथं आजही मेणाचा साचा करून पंचधातूच्या मूर्ती ओततात: आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाचा लेप, मग भाजून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. कलादालनातली पार्वती अशीच जन्मली, हे मुलांना तिथं डोळ्यांसमोर कळतं. पुढं दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ, बाराव्या शतकातलं. मोठ्या देवळाच्या मानानं लहान, पण कोरीवकाम इतकं नाजूक की बोटभर जागेत माणसं नाचतात. आणि परतताना पितळी डबऱ्यातली कुंभकोणमची कॉफी विसरू नका.

खरेदीत तंजावरी चित्राचा मोह होईल. लाकडी फळीवर कापड, त्यावर खडूच्या लेपाचा उठाव, सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे असं त्याचं काम असतं. खरा वर्ख असेल तर किंमत चढतेच. स्वस्तात सोनेरी चमचम मिळाली तर तो सोन्याचा वर्ख नाही असं समजा, आणि आवडलं तर शोभेचं म्हणून खुशाल घ्या. मुलांना मान डोलावणारी तंजावरी बाहुली फार आवडते. वीणा घडवणाऱ्यांच्या कामशाळाही पाहा. फणसाच्या लाकडाची ती वीणा घडताना पाहायला पैसे पडत नाहीत.

निघण्यापूर्वी एवढं करा

* जायचं कसं: चेन्नईहून रात्रीच्या गाडीनं सकाळी तंजावरला पोचता येतं. तिरुचिरापळ्ळी तासा-दीड तासावर आहे. विमानानं यायचं तर तिथवर. मुक्काम चारही दिवस एकाच ठिकाणी ठेवा, म्हणजे बॅगा रोज उपसाव्या लागत नाहीत.
* कधी: डिसेंबरची अखेर ते फेब्रुवारी उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथं आपल्या उलट पावसाळा असतो. एप्रिल-मेचं ऊन सोसत नाही.
* देवळात अनवाणी जावं लागतं आणि दुपारी दगड तापतो. प्रत्येकाचा मोज्यांचा एक जुना जोड बरोबर घ्या. दुपारी गाभारा बंद असतो. तो वेळ जेवण आणि झोपेचा.
* सामानाची वाटणी घरीच करा. प्रत्येकाची पिशवी प्रत्येकाच्या खांद्यावर. पाणी मोठ्या मुलाकडे, चपलांचा हिशेब ह्यांच्याकडे, औषधांची डबी तुमच्याकडे. एवढंच!
* डबे फक्त जातानाच्या प्रवासाचे. तिथं इडली, पोंगल, पानावरचं जेवण, रसम, दहीभात सगळं ताजं मिळतं. लहानांना आणि म्हाताऱ्यांना सोसतं. चार दिवस तुमच्या हाताला सुट्टी.
* सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर मोठ्या देवळाचं अंगण सपाट आहे, सावलीच्या ओवऱ्या आहेत. त्यांना तिथं बसवून आलटून पालटून सोबत थांबा. 'आलटून पालटून' या शब्दावर जोर द्या.
* चार तमिळ शब्द: पाणी म्हणजे 'तण्णी', केवढ्याला म्हणजे 'एव्वळवु', पुरे म्हणजे 'पोदुम', या म्हणजे 'वांगा'. आणि कुठल्याही अनोळखी बाईला 'अक्का' म्हणा, काम होतंच.

तुमचा एक तास

शेवटी एक अट. रोज एक तास तुमचा स्वतःचा, हे निघण्यापूर्वीच घरात सांगून ठेवा. रागानं नव्हे, हसत हसत, पण सगळ्यांसमोर. त्या तासात मुलं बाबांबरोबर. तुम्ही ओवरीत बसा, नाहीतर मूर्तीपुढं उभ्या राहा, नाहीतर बाजारातून एकट्या हिंडा. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होईल, हात रिकामे वाटतील. दुसऱ्या दिवशी सवय होईल. तिसऱ्या दिवशी तुम्हीच घड्याळाकडे बघाल, तास कधी सुरू होतोय म्हणून!

एक लहान वही जवळ ठेवा. त्यात खर्च लिहाल, तो लिहाच. पण मागच्या पानापासून रोज चार ओळी लिहा: आज मी काय पाहिलं. ह्यांनी काय दाखवलं, मुलांनी काय मागितलं, ते नव्हे. मी काय पाहिलं. कुंदवैनं दिलेल्या मोत्यांची मोजदाद कुणीतरी कोरून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला ठाऊक आहे. तुमच्या पाहण्याची नोंद दुसरं कोण ठेवणार? आणि वहीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव घालायला विसरू नका. पूर्ण नाव!